संगणकाच्या राखीव प्रती

यंत्र कंटाळत नाहीं, रजा मागत नाहीं, आणि रात्रीं दोन वाजतां नेमून दिलेलें काम बिनबोभाट उरकतें. म्हणून संगणकांतील कागदपत्रांची राखीव प्रत, जिला हल्लीं घरोघर ‘बॅकअप’ म्हणतात ती, काढण्याचें काम माणसाच्या हातून काढून यंत्राकडे सोंपविण्यांत आलें. हें सोंपविणें कसकसें होत गेलें आणि त्यांत कोणती एक गोष्ट सोंपवावयाची राहून गेली, एवढेंच श्रोत्यांपुढें आज मांडावयाचें आहे.

आरंभ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. तेथें केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स नांवाची व्यवस्था उभारली. तिच्याशीं बोलावयाचें तें लेखी हुकुमांनीं. माणसानें एक ओळ टाइप करावी आणि यंत्रानें ती पाळावी, असा सरळ व्यवहार. १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तकांतच चुंबकीय फितीवर नकला उतरविण्याचा एक हुकूम आढळतो. १९७९ च्या सातव्या आवृत्तींत ‘टार’ आला; नांवाचा अर्थ फितींचें दप्तर. फिती बहुतेक ठिकाणांहून गेल्या, पण हा हुकूम अद्याप रोजच्या वापरांत आहे.

परंतु सर्वच मजकूर रोज उतरवूं म्हटलें तर रात्र पुरत नाहीं आणि फितीही पुरत नाहींत. यावर ‘डंप’ नामक हुकुमानें पायऱ्यांची युक्ति काढली. शून्य पायरीची नक्कल समग्र. त्यावरच्या कोणत्याही आकड्याची नक्कल म्हणजे तिच्याहून लहान आकड्याच्या शेवटच्या नकलेनंतर जें बदललें तेवढेंच. शून्यानंतर रोज तीन, दोन, पांच, चार, सात, सहा, नऊ, आठ, नऊ, नऊ असा क्रम धरावा, अशी माहितीपुस्तकाची शिफारस. क्रम वेडावांकडा दिसतो खरा. पण चाराची फीत झाल्यावर घात झाला, तर शून्य, दोन आणि चार या तीनच फितींवरून सर्व पूर्ववत् उभें करतां येतें. या क्रमाला तेथें हनोईच्या मनोऱ्याचें नांव दिलेलें आहे. तें कोडें एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें १८८३ मध्यें प्रसिद्ध केलें आणि त्याच्याबरोबर एक दंतकथाही पसरली: काशीच्या देवळांत ब्राह्मण चौसष्ट सोन्याच्या चकत्या एका खुंटीवरून दुसरीवर हलवीत आहेत, आणि तें काम संपतांच जग संपणार! बिचाऱ्या काशीकरांना याची वार्ताही नसावी.

आतां ही फीत रोज चढवावयाची कोणी, हा प्रश्न राहिला. सातव्या आवृत्तींतच ‘क्रॉन’ हा घड्याळासारखा पहारेकरी आला. त्याच्या वहींत प्रत्येक ओळीच्या आरंभीं पांच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ‘शून्य, दोन’ असें लिहून पुढें तीन तारका काढल्या कीं रोज रात्रीं दोनला हुकूम सुटलाच. माणूस घरीं निजलेला असतो. माझ्या मतें या सर्व इतिहासांतील खरी वळणाची जागा हीच; कारण काम होत आहे कीं नाहीं हें पाहणारा डोळा येथून मिटूं लागला.

पुढें संगणक तारांनीं जोडले गेले, पण तारा मंद होत्या. १९९६ मध्यें ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटींतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं ‘आरसिंक’ पुढें आणला. दोन गांवीं एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती आहेत, एक जुनी व एक सुधारलेली. दोन्ही शेजारीं ठेवून ताडून पाहण्याची सोय नाहीं. तर फक्त फरक कसा धाडावा? जुनी प्रत ज्याच्यापाशीं आहे त्यानें तिचे सारखे तुकडे पाडावे, प्रत्येकाच्या दोन बेरजा काढाव्या, एक झटपट निघणारी व दुसरी कसून काढलेली, आणि त्या बेरजांची यादी पाठवावी. नवी प्रत असलेला आपल्या मजकुरावरून तेवढ्याच लांबीची चौकट एकेक अक्षर सरकवीत जातो. चौकट सरकली कीं पहिली बेरीज नव्यानें मांडावी लागत नाहीं; गेलेलें अक्षर वजा करून आलेलें मिळविण्यासारखें तें काम. ती जुळली तरच दुसरी तपासावयाची. जे तुकडे जुळले ते पाठवावयाचे नाहींत. इतकी सुंदर कल्पना या क्षेत्रांत क्वचितच निघाली असेल. मात्र तिचा धोकाही तिच्या प्रामाणिकपणांतच आहे. मूळ जागीं कांहीं पुसलें गेलें, आणि नकलेंतूनही पुसण्याची सूचना दिलेली असली, तर ‘आरसिंक’ तेंही निष्ठेनें पुसतो. २०१५ च्या सुमारास आलेल्या ‘बोर्ग’ व ‘रेस्टिक’ या साधनांनीं जुन्या अवस्थाही जपण्याची सोय केली. सात रोजच्या, चार आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या प्रती ठेवा असें सांगतां येतें, आणि एकच मजकूर दोनदां साठविला जात नाहीं.

एवढी साधनें असून लोक बुडाले कसे? १९९८ मध्यें पिक्सार कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां कोणीतरी पुसण्याचा हुकूम चुकीच्या जागीं सोडला, आणि पात्रें व देखावे डोळ्यांदेखत नाहींसे होऊं लागले. राखीव फिती काढल्या तों त्या निकामी. प्रती काढण्याचें काम आपलें चुकत होतें, पण चुकल्याचें यंत्रानें कोणास कळविलें नव्हतें. गॅलिन सुसमन या तंत्र-संचालिका बाळंतपणामुळें घरून काम करीत असत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून मोटारीनें आणण्यांत आला.

गिटलॅब या कंपनीची गोष्ट मला याहून बोधक वाटते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं एका अभियंत्यानें दुय्यम यंत्रावर द्यावयाचा हुकूम मुख्य यंत्रावर दिला. सुमारें ३०० गिगाबाइटपैकीं साडेचार उरले. रोजची नक्कल काढणारें साधन ९.२ आवृत्तीचें, भांडार ९.६ आवृत्तीचें, म्हणून साधन प्रत्येक वेळीं नकार देऊन थांबत होतें. त्या नकाराचीं पत्रेंही सुटत, परंतु त्यांवर आवश्यक ती सही नसल्यामुळें तीं पोंचण्याआधींच परतविलीं जात. ज्या कोठारांत प्रती असावयाच्या तें रिकामें निघालें. निभावलें तें दुसऱ्याच कामासाठीं एका अभियंत्यानें सुमारें सहा तास आधीं हातानें काढलेल्या प्रतीवर. मधल्या सहा तासांचा मजकूर कायमचा गेला. कंपनीनें सारी हकीकत उघडपणें छापली, हें तिचें मोठेपण.

प्रत काढण्याचें काम यंत्राकडे गेलें. ती परत उतरवून पाहण्याचें मात्र कोणाकडेच गेलें नाहीं. या कामाला हुकूम आहेत. ‘रेस्टिक’चा ‘चेक’ नुसता दिला तर तो केवळ खतावणी जुळते कीं नाहीं तें पाहतो. सांठविलेला मजकूर खरोखर वाचावयास वेगळें बजावावें लागतें. सगळा एका दमांत वाचणें जड वाटल्यास सातांपैकीं एक हिस्सा रोज, असेंही सांगतां येतें. मग महिन्यांतून एकदां ‘रिस्टोअर’ देऊन सर्व दप्तर एका रिकाम्या जागीं उतरवावें आणि त्यांतलीं चार कागदपत्रें, दोन छायाचित्रें स्वतः उघडून पाहावीं. हें शेवटचें काम क्रॉनच्या वहींत लिहितां येत नाहीं.