नाव कमळाचे, कंद अळूचा

सायप्रस बेटावरचे ग्रीक भाषिक लोक हिवाळ्यात एक कंद आवडीने शिजवतात. त्याला ते 'कोलोकासी' म्हणतात. डुकराचे मांस, सेलरीचे देठ, कांदा, टोमॅटो आणि वर लिंबाचा रस, ही त्याची रूढ पाककृती. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस वगळून हेच कालवण होते. सायप्रसच्या स्वयंपाकावरील एका पुस्तकात ही कृती वाचताना पदार्थापेक्षा त्या नावानेच मला अडवले. हा कंद कोणता? हे ठरवल्यावाचून चूल पेटवणे शहाणपणाचे नव्हते. कंदाच्या ओळखीत गफलत झाली, तर तिची किंमत जिभेला आणि घशाला मोजावी लागते.

नावाचा माग काढत मी प्राचीन ग्रीकांपर्यंत गेलो. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने आपल्या वनस्पतिग्रंथात 'इजिप्तच्या घेवड्या'चे वर्णन केले आहे. ही वनस्पती दलदलीत आणि तळ्यांत वाढते. देठ चार हात लांब, फूल खसखशीच्या फुलाच्या दुप्पट आणि गुलाबी. पान मोठे, थेसलीच्या टोपीएवढे. फळ गांधीलमाशीच्या पोळ्यासारखे असून प्रत्येक घरात एकेक बी. मूळ जाड, लोक ते कच्चे, उकडून किंवा भाजून खातात. मराठी वाचकाला यावर टीप नको. हे आपले कमळ आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस हा वैद्य लिहितो की, या वनस्पतीच्या मुळालाच 'कोलोकासिया' म्हणतात.

त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी तर पक्का पुरावा देतो. कोलोकासियाचा देठ शिजवून चावला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे सुटतात, असे तो सांगतो. हे बिसतंतू होत. संस्कृत कवींनी ज्यांच्या उपमा दिल्या, तेच धागे. म्हणजे नावावर विसंबून राहिलो असतो, तर सायप्रसच्या पातेल्यात मी कमळाचे मूळ घातले असते.

पण पुस्तकातले चित्र कमळाच्या मुळाचे नव्हते. कमळाच्या मुळाचा आडवा काप घेतला की आत भोकांची नक्षी दिसते. या कंदात एकही भोक नव्हते. बाहेरून तपकिरी, केसाळ, वर्तुळाकार वळ्यांचा. आतून पांढरा आणि भरीव. शिवाय कृतीत बजावले होते की सोलल्यावर तो धुऊ नये, नाही तर बुळबुळीत होतो. कमळाला धागा आणि अळूला बुळबुळ, ही दोघांची खूण. बेळगावच्या बाजारात नेहमीच्या भाजीवालीला मी ते चित्र दाखवले. "मावशी, ओळखता का हे?" तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "केसुविन गड्डी. अळकुड्याच की हो सर, जरा थोरल्या." दोन भाषांत मिळून तिने निकाल दिला.

मग कमळाचे नाव अळूला कसे चिकटले? अळू मूळचा दक्षिण आणि आग्नेय आशियाचा. तो पश्चिमेकडे जात इजिप्तमध्ये रुजला. नाइलकाठचे कमळ मात्र कालांतराने तिथून नाहीसे झाले. नाव उरले, वनस्पती गेली. आणि रिकाम्या झालेल्या नावात दुसरी वनस्पती येऊन बसली. अरबीत तिला 'कुल्कास' म्हणू लागले. इ. स. 1200 च्या सुमारास इजिप्तमध्ये राहिलेला बगदादचा वैद्य अब्द अल-लतीफ याने कुल्कासचे वर्णन केले आहे. इटालियन वैद्य प्रॉस्पेरो अल्पिनी याने 1592 साली इजिप्तच्या वनस्पतींवरील पुस्तकात त्याचा विचार केला. 1753 मध्ये लिनियसने अळूला 'आरम कोलोकासिया' म्हटले आणि 1832 मध्ये शॉटने 'कोलोकासिया' हा स्वतंत्र वंशच केला. गंमत अशी की, ज्याचे ते नाव होते त्या कमळाला शास्त्रात मिळालेले नाव 'नेलुम्बो' हे सिंहली भाषेतले आहे.

ही अदलाबदल इजिप्तपुरती नाही. दोन्ही वनस्पतींची पाने मोठी, पाणथळीत डोलणारी, आणि दोन्हींवर पाण्याचा थेंब ठरत नाही. म्हणूनच संस्कृतात अलिप्ततेची उपमा कमळाच्या पानाची, तर मराठीत क्षणभंगुरतेला 'अळवावरचे पाणी'. तिकडे नाव एकाकडून दुसऱ्याकडे गेले, इकडे उपमा गेली.

ओळख पटल्यावर आमच्या घरी उपवासाची, म्हणजे बिनमांसाची कृती केली. बाजारातून मोठे गड्डे आणले, धुऊन पुसून कोरडे केले आणि मगच सोलले. सोललेल्या कंदाला पाणी लावले नाही. सायप्रसच्या बायका तुकडे सरळ कापत नाहीत. सुरी थोडी रुतवायची आणि पिळून तुकडा मोडायचा. सौभाग्यवतींनी हाताला आधी तेल लावले. पुस्तकात ते नव्हते, पण खाज कुणाच्या हाताला सुटते हे त्यांना ठाऊक होते. तुकडे तेलात तांबूस परतले, कांदा, सेलरी आणि टोमॅटो घालून मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवले, शेवटी लिंबू पिळले. रस दाट झाला, पण तार सुटली नाही. पहिल्या घासाला मुलांनी नाव विचारले, दुसऱ्याला विचारले नाही.

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात; खाज त्यांचीच. त्यावर भरपूर शिजवणे आणि आंबट, हे इलाज दोन्हीकडे सापडले. तिकडे लिंबू, इकडे चिंच नाही तर आमसूल. सायप्रसमध्ये लहान पोरकंदांना 'पूल्लेस' म्हणतात आणि ते धणे व तांबड्या वाइनमध्ये करतात. आपण त्याच अळकुड्या जिरे-आमचुरात परततो. सोतिरा गावच्या कोलोकासीच्या नावाला आज युरोपीय संघाचे संरक्षण आहे. गोव्यात त्याला माडी म्हणतात, बडोद्यात अळवी, इंदूर-ग्वाल्हेरकडे अरबी, हैदराबादेत चामदुंपा. नावाचे संरक्षण यांपैकी कुणालाही नाही, आणि तरीही बाजारात कुणाची फसगत होत नाही.

म्हणून जुन्या ग्रंथात वनस्पतीचे नाव आले की त्यावर आधी विश्वास टाकू नये. त्या लेखकाने पान कसे सांगितले, बी कशी सांगितली, चावल्यावर काय झाले म्हणून लिहिले, ते पाहावे. प्लिनीच्या दाताला धागे लागले, आमच्या हाताला बुळबुळ लागली. दोन हजार वर्षांत नाव तेच राहिले. भाजी मात्र बदलली होती.