एका डॉलरचं इन्सुलिन आणि आपलं पिवळं रेशनकार्ड

मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. तेव्हापासून वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा थांबायला तयार नाही. पैसे कोण भरणार, सरकार, विमा की पेशंट? हा वाद युरोपातही पेटलाय. पण त्याची मुळं शंभर वर्षं जुनी आहेत.

जानेवारी १९२२. कॅनडातल्या टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला देऊन टाकलं, माणशी एक डॉलर घेऊन. त्याच वर्षी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग अमेरिकेला गेले. त्यांच्या पत्नी मारी यांना मधुमेह होता. टोरांटोची परवानगी घेऊन क्रोग यांनी मायदेशी इन्सुलिन बनवायला घेतलं. त्या कामातूनच पुढे नोव्हो नॉर्डिस्क उभी राहिली. आजचं वेगोव्ही तिचंच!

युरोपात पुढे सरकारं आणि विमा फंड मध्ये आले. इंग्लंडमध्ये मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला चिठ्ठीमागे पैसे भरावे लागत नाहीत. जर्मनीत मधुमेहाच्या औषधाला सरकारी विमा आहे, पण नुसतं वजन कमी करायचं औषध कायद्यानेच वगळलंय. औषध तेच सेमाग्लुटाइड. कारण मधुमेह असेल तर विमा, वजन असेल तर खिसा.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावरून गेली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर पेटंट देणं बंद केलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर ठेवलं. त्यामुळे देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. २००३ साली वोखार्टने औरंगाबादेत बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आणलं. २००५ पासून औषधावरचं पेटंट परत आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची.

औषध स्वस्त झालं, तरी विम्याचं काय?

२ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात धुळे होतं. नंदुरबार नव्हतं. १९९८ ला आपण धुळ्यातून वेगळे झालो नसतो, तर पहिल्याच दिवशी यादीत असतो. पिवळं-केशरी कार्ड हातात असूनही आपल्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ पासून हीच महात्मा फुले योजना.

आता खरी गोम बघा. ही योजना दवाखान्यात भरती झाल्यावरची. किडनी गेली की डायलिसिस योजनेत बसतं. किडनी वाचवायची रोजची गोळी बसत नाही. खासगी विम्याच्या बहुतेक पॉलिस्यांतही हेच.

त्या गोळीसाठी आधार एकच, सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण मोफत म्हणजे साठा असेल तर. इन्सुलिनला तर फ्रीजही लागतो. धडगावच्या पाड्यावर वीज गेली की ते मडक्याच्या गारव्यावर टिकवायचं.

म्हणून महागड्या इंजेक्शनाचं पुढे बघू. आधी मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन बाराही महिने मिळालं पाहिजे.

तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोन गोष्टी गेल्या तीन महिन्यांत न चुकता मिळाल्या का? गावाचं नाव टाकून खाली लिहा. पेशंटचं नाव नको.