पंचवीस क्रमांकाचं दार
मेल अडली की अनुभवी माणूस आजही टर्मिनल उघडतो, टेलनेटने सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर जातो आणि हाताने ‘हेलो’ टंकतो. समोरून २५० आलं तर ठीक. ४ने सुरू होणारा आकडा म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. ५ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये मांडलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या, नियमांत हे आकडे आहेत. मशीन आपलं दुखणं स्वतः सांगतं, ही केवढी मोठी सोय!

खरा घाम काढला तो सेंडमेलने. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचा हा मेल पोहोचवणारा प्रोग्राम १९८३मध्ये बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर बाहेर पडला. त्याच्या सेटिंग फाइलमधल्या नियमाच्या डाव्या-उजव्या बाजूंमध्ये टॅब लागे. तिथे कुणी स्पेस दिली, तर डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसे, पण नियम चालत नसे. एका न दिसणाऱ्या खुणेपायी रात्री गेल्या.

दोष शोधण्यासाठी ठेवलेली सोयच पुढे घातक ठरली. २ नोव्हेंबर १९८८ला मॉरिस वर्म हा स्वतःहून पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर फैलावला; त्याची एक वाट सेंडमेलच्या ‘डीबग’ आज्ञेतून जात होती.

१९९८मध्ये वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये पोस्टफिक्स हा नवा मेल सर्व्हर तयार केला. एकाच अवाढव्य प्रोग्रामऐवजी छोटे छोटे प्रोग्राम, प्रत्येकाचं काम वेगळं. त्यामुळे मेल नेमकी कुठे अडकली ते लॉगमध्ये सापडू लागलं.

मग स्पॅम वाढला, आणि पाठवणारा खरा आहे का हे पडताळण्यासाठी डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आल्या. आता घरच्या सर्व्हरची मेल अडली, तर शोध अनेकदा डीएनएसपासून सुरू होतो.