येणाऱ्या कॉलची कुळकथा

पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्याचा वैनगंगेकाठचा तालुका. धानाच्या बांध्या संपल्या की जंगल लागतं आणि जंगल लागलं की मोबाइलच्या दांड्या गळू लागतात. अशा गावात घरात फायबर आली की सिनेमाच्या आधी बोलण्याचा विचार होतो. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या भावाशी, पुण्यात शिकणाऱ्या मुलीशी ओट्यावर न जाता, घरातल्या घरात धड बोलता येईल का? ॲप टाकलं जातं, घंटा वाजते, कॉल उचलला जातो आणि मग सुरू होतं 'हॅलो, हॅलो'. घरचा आवाज तिकडे स्वच्छ पोचतो, तिकडचा शब्द मात्र इकडे येत नाही. कधी याहून चमत्कारिक प्रकार होतो. राउटर बंद करून चालू केला की थोडा वेळ फोन वाजतो, नंतर कोणी कितीही लावला तरी वाजत नाही.

या दोन्ही दुखण्यांचं मूळ त्या घरातही नाही आणि त्या ॲपातही नाही. ते १९९४ सालच्या एका तात्पुरत्या उपायात आहे.

जुन्या टेलिफोनला ही अडचण नव्हती. नंबर म्हणजे एक्स्चेंजपासून घरापर्यंत आलेली तारांची जोडी. नंबर फिरवला की घंटा त्याच घरात. इंटरनेटची मूळ कल्पनाही अशीच होती: प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता आणि त्या पत्त्यावर कोणीही थेट पोचावं. त्या जाळ्यावरून आवाज नेण्याची खटपट फार जुनी आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून कॅलिफोर्नियातली आयएसआय ही संस्था आणि मॅसॅच्युसेट्समधली लिंकन प्रयोगशाळा यांच्यात आवाज नेला. दोन्हीकडच्या यंत्रांना आपापला पत्ता होता, त्यामुळे परतीच्या आवाजाने कुठे जावं हा प्रश्नच पडला नाही.

प्रश्न पडला तो पत्ते अपुरे पडणार हे दिसल्यावर. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या आयपी पत्त्याची लांबी ३२ बिट, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. प्रयोगशाळांच्या जगाला ते अमाप होते. जग घराघरात शिरू लागलं, तेव्हा १९९३ मध्ये पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांनी पत्ते पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना मांडली. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस (हे आधीचेच त्सुचिया) यांनी ती आरएफसी १६३१ या दस्तऐवजात नीट लिहून काढली. तिचं नाव नॅट. आपण हा दूरगामी उपाय मिळेपर्यंतचा आधार देतो आहोत आणि यामुळे पत्त्याचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा अर्थ हरवतो, हे दोन्ही त्यांनी तिथेच कबूल केलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापराचे पत्ते पक्के झाले. घरच्या राउटरच्या पानावर दिसणारं १९२.१६८ हे त्यांतलंच. हा पत्ता लाखो घरांत एकाच वेळी असतो आणि म्हणूनच घराबाहेर त्याला काही किंमत नसते.

नॅटचं काम तहसील कचेरीतल्या जावक नोंदवहीसारखं चालतं. घरातून काही बाहेर निघालं की राउटर आतला पत्ता खोडून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, एक पोर्ट क्रमांक देतो आणि नोंद करतो. उत्तर त्या क्रमांकाचा हवाला घेऊन आलं तर नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे जातं. हवाल्याशिवाय आलेलं टाकून दिलं जातं. वेबपानं आणि ईमेल यांना हे सोयीचं, कारण तिथे विचारणा नेहमी आतूनच होते. टेलिफोनचं सगळं प्रयोजनच उलट: कोणीतरी, कधीही, न सांगता आत हाक मारावी.

त्यात इंटरनेटच्या फोनने घंटा आणि आवाज वेगळे केले. घंटेसाठीची एसआयपी ही पद्धत मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. हेनिंग शुल्झ्रिने आणि मार्क हँडली ही तिच्या कर्त्यांतली ठळक नावं. आवाज वाहणारी आरटीपी त्याआधी, १९९६ ची. घंटेचा निरोप सर्व्हरमार्फत जातो आणि त्या निरोपाच्या पोटात लिहिलेलं असतं, 'माझ्यासाठीचा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा.' फोन तिथे लिहितो आपल्याला माहीत असलेला पत्ता, म्हणजे १९२.१६८ वाला. राउटर वरचा पत्ता बदलतो, पोटातला तसाच राहतो. समोरचा बिचारा त्या पत्त्यावर आवाज पाठवत बसतो आणि तो कुठेच पोचत नाही. घरचा आवाज जातो, तिकडचा येत नाही, त्याचं कारण हे.

दुसरं दुखणं नोंदींच्या आयुष्याचं. काही काळ काहीच गेलं-आलं नाही की राउटर नोंद पुसतो. जानेवारी २००७ च्या नियमावलीने यूडीपीची, म्हणजे आवाज सहसा ज्या पद्धतीच्या पॅकेटांतून जातो तिची, नोंद किमान २ मिनिटं टिकवा असं सांगितलं, पण बाजारातल्या अनेक राउटरांनी ती त्याआधीच पुसली. फोन मात्र सर्व्हरकडे तासातासाने हजेरी लावणार. नोंद पुसली की बाहेरून आलेल्या घंटेला वाटच उरत नाही. म्हणून आजचे फोन दर काही सेकंदांनी एक रिकामं पॅकेट बाहेर टाकत राहतात. त्यात निरोप काही नसतो. नोंद जिवंत ठेवणं एवढंच त्याचं काम.

राउटर बनवणाऱ्यांनी यावर एक हुशारी केली. निरोपाच्या पोटात डोकावून आतला पत्ताही बदलायचा, याला एसआयपी एएलजी म्हणतात. पण अर्धवट वाचून केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा महाग पडते, आणि निरोप सांकेतिक केलेला असला तर वाचताच येत नाही. त्यामुळे इंटरनेट फोन बसवणारे जाणकार पहिली गोष्ट करतात ती ही सोय बंद करण्याची.

खरी वाट निघाली ती फोनलाच शहाणं करून. मार्च २००३ मध्ये जोनाथन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्टन ही पद्धत दिली. फोनने बाहेरच्या एका सर्व्हरला विचारायचं, 'मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो?' आणि मिळालेलं उत्तर निरोपात लिहायचं. पुढे दोन्ही बाजूंनी एकाच सुमारास एकमेकांकडे पॅकेट टाकायची, म्हणजे दोन्ही नोंदवह्यांत जावक नोंद होते आणि समोरून आलेलं उत्तर म्हणून आत घेतलं जातं. ही युक्ती फोनवाल्यांची नव्हे. डॅन केगल यांनी १९९९ मध्ये ती ऑनलाइन खेळांच्या संदर्भात मांडली होती. २००५ मध्ये ब्रायन फोर्ड, पायडा श्रीसुरेश आणि केगल यांनी केलेल्या चाचण्यांत सुमारे ८२ टक्के नॅटवर ती यूडीपीसाठी चालली. उरलेल्यांचं काय? त्यांच्यासाठी मधला सर्व्हर दोन्हीकडचा आवाज स्वतःवरून नेतो, हे टर्न. दोन्हींतलं काय चालतं ते क्रमाने तपासणारी पद्धत म्हणजे आइस. टर्न आणि आइस एप्रिल २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्काइपने ऑगस्ट २००३ मध्येच आपला मार्ग काढला होता. ज्यांच्या संगणकाला खरा पत्ता होता, त्यांच्यावरून ते इतरांचे कॉल नेत असे. व्हॉट्सॲपवरचा दोघांमधला कॉलही जमलं तर थेट, नाही तर कंपनीच्या सर्व्हरवरून जातो.

भारतात राउटरआधी कायदा आडवा होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांना खुलं केलं. इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही अर्धी: संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर बोला, देशातल्या साध्या फोनवर नाही. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केल्यावर वाट मोकळी झाली आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलने विंग्ज ही सेवा आणली. वाय-फायवरून, दहा आकडी नंबराने, देशातल्या कोणत्याही फोनवर बोलण्याची.

डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने वाय-फाय कॉलिंग सुरू केलं, तेव्हा दांड्या नसलेल्या घराचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटू लागला. इथे घंटा आणि आवाज दोन्ही एकाच सांकेतिक टनेलमधून कंपनीपर्यंत जातात. हे टनेल फोन स्वतः आतून उघडतो. हे टनेल ज्या आयपीसेक पद्धतीचं, तिच्या मूळच्या पॅकेटांना पोर्ट क्रमांक नसतो, म्हणून ती नॅटवर अडत. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९४८ ने ती यूडीपीच्या ४५०० पोर्टाच्या आवरणात घातली. वाय-फाय कॉलिंग चालत नसेल तर राउटरने ५०० आणि ४५०० हे पोर्ट अडवलेत का, ते पाहावं.

आशियाच्या वाट्याचे पत्ते एप्रिल २०११ मध्ये जवळजवळ संपले आणि कंपन्यांनी स्वतःच्या पातळीवर आणखी एक नॅट बसवलं. एका नोंदवहीपुढे दुसरी. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूतला दिसला तर समजावं की घरच्या राउटरवर पोर्ट उघडून काही उपयोग नाही. दुसरी वही आपल्या हातात नाही. फायबरच्या डब्याला तारेने जोडलेला लँडलाइन मात्र निमूट वाजतो, कारण त्याचा आवाज डब्यातूनच कंपनीच्या वेगळ्या वाटेने जातो, घरच्या नॅटमधून नाही.

मूळ टंचाईवरचा दूरगामी उपाय डिसेंबर १९९५ मध्येच कागदावर आला होता: १२८ बिटांचे आयपीव्ही६ पत्ते. ते वापरण्यात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पण पत्ते मुबलक झाले तरी न बोलावलेल्याला आत न घेण्याची रीत सुरक्षेच्या नावाने राहिली. जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९२ ने घरच्या राउटरसाठी तिचीच शिफारस केली. त्यामुळे मोबाइल आजही गूगलच्या किंवा ॲपलच्या सर्व्हरशी एक जोडणी आतून उघडून धरतो आणि कॉलची वर्दी तिथूनच येते. आज येणारा प्रत्येक कॉल म्हणजे आतून आधीच झालेल्या विचारणेचं उत्तर असतं.

याची किंमत मोठ्या शहराला जाणवत नाही, पोंभुर्ण्यासारख्या गावाला जाणवते. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला प्रथम लागलं आणि मग देशभर पसरलं. बाहेरची लाइन गेली तरी ते गावातल्या गावात फोन जोडून देत असे. आज रस्त्याच्या खोदकामात तालुक्याबाहेर जाणारी फायबर तुटली, तर एका गल्लीतल्या दोन घरांनाही ॲपवरून एकमेकांशी बोलता येणार नाही, कारण दोघांची ओळख पटवणारा सर्व्हर शेकडो किलोमीटर दूर आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट या सरकारी योजनेत तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतींपर्यंत वलयाकार जोडणी धरली आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसरीकडून वाट राहील. ते योग्यच. पण येणारा कॉल तालुक्याबाहेरूनच येणार असेल, तर तालुक्यातून बाहेर पडणाऱ्या वाटाही दोन आहेत का, हे आधी विचारायला हवं.