मशक घ्या खांद्यावर

मोबाइल घरीच ठेवा. घड्याळही काढा. जिथं निघालोय तिथं वेळ सूर्य सांगतो, आणि तो सूर्य खानदेशातल्या चैत्राचा आहे. बूटही राहू द्या. जे काम तुमच्या वाट्याला आलंय ते करणारी माणसं अनवाणीच फिरतात.

तुम्ही भिस्ती झालात. ही तुमची मशक. बकऱ्याचं अख्खं कातडं, पाय शिवून बंद केलेले, मानेच्या जागी पाण्याचं तोंड. भरली की पंचवीस-तीस किलो सहज. पट्टा खांद्यावर टाका, कमरेत थोडे वाका, डाव्या हातानं तोंड आवळून धरा. हात सैल पडला तर पाणी जाईल आणि शिव्या बसतील. कातड्याचा उग्र वास नाकात शिरतोय ना? घटकाभरात सवय होईल. पाठीवर झिरपणारी गार ओल मात्र मनापासून भोगून घ्या. उद्या दुपारी या ओलीसाठी माणसं तुमचे पाय धरणार आहेत.

आता डोळे उघडा. रात्र आहे, सातपुडा आहे, साल १८५८, महिना एप्रिल. तुमच्या आजूबाजूला मेजर इव्हान्सच्या हाताखालची कंपनी सरकारची फौज पसरली आहे. पायदळ पलटणींचे शिपाई आणि धरणगावची भिल्ल पलटण. शिपायांइतकीच बाकीची माणसंही दिसतील: बैलवाले, घोड्यांचे मोतद्दार, गवत कापणारे, जखमींना उचलायला आणलेले डोलीवाले, आणि तुमच्यासारखे पाणी वाहणारे. चुलींचा धूर जमिनीलगत लोळतोय. घोड्याची लीद, घामेजलेले डगले, करपलेली भाकरी आणि या सगळ्यावर चढलेला एक गोड, आंबूस, डोकं जड करणारा वास. मोह फुललाय. रात्रभर फुलं टपटपत राहणार.

भूक लागली असेल तर त्या दगडांच्या चुलीपाशी बसा. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी, वर लसूण-मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येईल. खाताना पाणी जपून प्या. झरा खाली लांब आहे आणि पहाटेआधी दोन खेपा तुम्हालाच करायच्या आहेत. पलीकडचे दोन शिपाई तुमच्या मशकीकडे बघतही नाहीत. कातड्यातलं पाणी ते तोंडाला लावत नाहीत. पितळी लोटा नि दोरी घेऊन ते स्वतः झऱ्यावर उतरतात.

चुलीपाशी म्हातारा गाडीवान बोलतोय. ऐका, कारण छावणीत बातमी अशीच फिरते. आग्र्याहून मुंबईकडे जाणारा रस्ता सेंधव्याच्या घाटातून खाली शिरपुराकडे उतरतो. त्या घाटावर त्याचं निम्मं आयुष्य गेलंय. माळव्याची अफू, कापूस, मीठ, सगळं त्याच्या चाकांवरून गेलं. घाट राखायचे भिल्लांचे म्होरके खाज्या नाईक, त्यांच्याआधी त्यांचे वडील गुमान नाईक. गाडीमागं ठरलेलं काही हातावर ठेवायचं आणि गाडीखाली निर्धास्त झोपायचं. मग सरकारनं खाज्या नाईकांना तुरुंगात घातलं, सोडलं, आणि मुलखात धामधूम उठल्यावर त्यांनाच परत घाटावर उभं केलं.

“आणि मागच्या हिवाळ्यात त्याच घाटात सरकारचा खजिना गेला. सात लाख!” म्हातारा आवाज खाली आणतो.

सात लाख ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर नोटांची बंडलं आली असतील. ती पुसून टाका. चांदीचा कंपनी रुपया एक तोळ्याचा. सात लाख रुपये चांदीत मोजले तर दोनशेहून अधिक मण होतात, आजच्या हिशेबात आठ टनांच्या वर. अशा ओझ्याची गाड्यांची रांग चढावर लागते तेव्हा बैल फेस गाळतात, आस करकरतात, पहारेकरी चाकांना खांदे लावतात. त्या वेळी कोणाच्याही हातात बंदूक नसते. घाटाचं कुठलं वळण असं आहे, हे खाज्या नाईकांना कोणी सांगायची गरज नव्हती. तिथंच तर ते पिढ्यान् पिढ्या पहारा करत आले होते.

तुमच्या शेजारी धरणगावचा शिपाई आडवा झालाय. भिल्ल आहे, विशीतला. जेम्स औट्रमनं १८२५ मध्ये धरणगावात भिल्लांची पलटण उभी केली. या पोराच्या घरात नोकरी बहुधा तेव्हापासून आली असावी. तो लढाईबद्दल चकार शब्द काढत नाही. आखाजी चार-पाच दिवसांवर आलीय, बहिणी माहेरी येतील, झाडाला झोके बांधतील, घरात मांडे होतील, आणि आपण इथं, एवढंच तो सांगतो. मग तुमच्याकडे वळून विचारतो, “पानी शे का रे भो?” तुम्ही मशकीचं तोंड सैल करता. तो ओंजळीनं पितो, उरलेला ओला हात मानेवरून फिरवतो आणि झोपतो.

चंद्र पहाटे उगवतो, वद्य पक्षातली बारीक कोर. त्या उजेडात पाऊलवाट दिसत नाही, तरी खाज्या नाईकांच्या मागावर निघायचं. पुढं भिल्ल पलटणीचे काही शिपाई, मागं लाल डगल्यांची रांग, तिच्या मागं तुम्ही. सागानं पानं झाडलीत. सुकलेली, सुपाएवढी पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. शेकडो पावलं, दर पावलाला कर्र. लपूनछपून जाण्याचा विचारच सोडा. दोन टेकड्यांपलीकडे जागं असलेल्या माणसाला तुमची संख्याही मोजता येईल.

उजाडतं. मागं वळून पाहिलंत तर खाली तापीकाठचा सपाट खानदेश धुरकट निळा दिसतो. समोर मात्र दगड, अंजनाची झाडं, पांढुरक्या सालीची सालई आणि चढ. तांबट पक्ष्याची टुकटुक सुरू झालीय. पहिल्याच चढाला डगले पाठीला चिकटतात. तुमच्या खांद्यावर पट्ट्यानं लाल वळ उठलाय.

आणि तो धरणगावचा पोरगा थांबतो.

समोर मोठा मोह आहे. खाली फुलांचा दाट सडा, पिवळसर, रसदार, दवानं ओला. तो वाकतो, एक फूल तोंडात टाकतो आणि सड्याकडे बघत राहतो. तुम्हाला दिसतात ती फुलं. त्याला दिसतात ती न वेचलेली फुलं. मोह गळण्याच्या दिवसांत सातपुड्यातली बाई कोंबडा आरवण्याआधी टोपली घेऊन झाडाखाली हजर असते, कारण उशीर झाला तर अस्वल, हरणं आणि ऊन यांतलं कुणी तरी फुलं संपवतं. वाळवलेला मोह म्हणजे पावसाळ्यातली भूक भागवणारं अन्न. अशी रास सोडून कोणी जात नाही. सोडली असेल, तर माणसं घरात नाहीत. ती वर आहेत.

पोरगा मागं हात करतो. कोणी तरी अर्धवट वाक्य बोलायला तोंड उघडतं. तेवढ्यात डोंगर फुटतो.

पहिल्या बाराला तुम्हाला आवाजाआधी धूर दिसतो. वरच्या खडकांच्या मागून पांढरे लोट एकदम उठतात, मग कानठळ्या, मग दगडावर आपटून भणभणत जाणाऱ्या गोळ्या. तोड्याच्या बंदुका आहेत त्या. वर भिल्लांबरोबर मकराणी, रोहिले आणि अरबही आहेत. तुमच्या पुढचा माणूस खाली बसतो. पाय मुडपून नीट बसतो आणि मग कुशीवर कलंडतो. बैल दोऱ्या तोडतात. एक डोली उलटते. कुणी इंग्रजीत ओरडतंय, कुणी मराठीत, कुणी हिंदुस्थानीत. सगळ्यांना एकच कळतं: आडोसा शोधा.

तुम्ही अंजनाच्या बुंध्यामागं पोटावर पडा. मशक अंगाखाली येऊ देऊ नका, फुटेल.

आता बाण सुरू होतात आणि खरी भीती इथं कळते. बंदुकीचा धूर निदान सांगतो, मारणारा कुठं आहे. बाण काहीच सांगत नाही. बांबूचं कामठं, दोरीही बांबूच्याच चिपेची. सुटताना जेमतेम टण् होतं आणि शेजारच्याच्या दंडात काडी उभी राहते. शिपायाला एक गोळी झाडायला किती काम करावं लागतं, बघा: काडतूस काढ, दातांनी फाड, दारू नळीत ओत, गोळी सार, गजानं ठोक, टोपी बसव, मग नेम धर. हे सगळं दाट झाडीत, आडवं पडून. वरचा माणूस तेवढ्यात चार-पाच बाण सोडून दुसऱ्या खडकामागं गेलेला असतो. गोफणीचे दगड येतात ते वेगळेच.

“पानी!”

तुमचं काम सुरू झालं. दातांनी काडतूस फाडलं की दारू जिभेला लागते. तिच्यात सोरा असतो, खारट, तोंड कोरडं करणारा. चार-पाच काडतुसांनंतर जीभ टाळूला चिकटते. ओठ काळे, डोळे लाल. वरून चैत्राचं ऊन, आणि खडक एव्हाना असा तापलाय की त्यावर तळहात टेकवत नाही. तुम्ही सरपटत एकेकाकडे जाता. दोन घोट, पुढं. दोन घोट, पुढं. रात्री लोटा-दोरी घेऊन झऱ्यावर गेलेल्या त्या दोघांपैकी एक झाडाला टेकून बसलाय. मांडीतून रक्त येतंय. तो तुमच्याकडे बघतो, मशकीकडे बघतो आणि ओंजळ पुढं करतो. तुम्ही ओतता. दोघंही काही बोलत नाहीत.

लढाई चिवटपणे चालते. मग पलटणी चढ चढू लागतात, खडकामागून खडक, संगिनी लावून. तुम्हीही मागं चढता, कारण मागं राहण्यातही सुरक्षितता नाही. वर पोचल्यावर दिसतं ते तुम्ही खालून कल्पिलं नव्हतं. इथं नुसता सैनिकांचा मोर्चा नाही, इथं घरं थाटली होती. विझत आलेल्या चुली. मडकी. लहान मुलाची झोळी, झाडाला बांधलेली. बायका आहेत, आणि त्याही लढल्या आहेत.

एका खडकाआड एक भिल्ल पडलाय. केस मोकळे, कमरेला लंगोटी, हातात कामठं तसंच. छाती भात्यासारखी नाही, तुटक तुटक हलतेय. त्याच्याजवळ धरणगावचा पोरगा उभा आहे, बंदूक खाली करून. पडलेला माणूस ओठ हलवतो. शब्द तोच, तुम्ही सकाळपासून ऐकताय तो. पोरगा तुमच्याकडे बघतो. त्याला हुकूम द्यायचा अधिकार नाही, तुम्हाला पाणी द्यायची परवानगी नाही. तुम्ही मशक तिरकी करता. तळाशी जे उरलंय ते गढूळ आहे, कोमट आहे, कातड्याच्या चवीचं आहे. तो पितो.

११ एप्रिलच्या या दिवसाचं नाव पुढं आंबापाणीची लढाई पडलं. फौजेनं ती जिंकली. खाज्या नाईकांचा मुलगा इथं मारला गेला. पकडलेल्या माणसांपैकी पन्नासाहून जास्त जणांना झटपट चौकशी उरकून गोळ्या घातल्या गेल्या. बायकांना कैद करून नेलं. यातलं काही थांबवणं तुमच्या हातात नाही. पाणी वाहणाऱ्याला कोणी विचारत नसतं. पण बघा. मान वळवू नका. रांगेत उभे केलेल्यांचे चेहरे नीट बघून ठेवा, कारण पलटणीचा कागद लिहिणारा त्यांची फक्त बेरीज लिहिणार आहे.

खाज्या नाईक इथून निसटले. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, विश्वासघातानं त्यांना मारण्यात आलं. त्यांचे साथीदार भीमा नाईक पुढं अंदमानात गेले आणि परत आले नाहीत.

चला, मशक उतरवा. तुम्हाला आता परतायचंय.

आज मुंबई-आग्रा रस्त्यानं धुळ्याहून शिरपूर, पळासनेर करत बिजासनचा, म्हणजे सेंधव्याचा तोच घाट चढताना मालट्रकांची रांग लागते. कांदा, कापूस, लोखंड, सगळं वर-खाली होतं, आणि त्या रस्त्यावर आपण निर्धास्त डुलकी काढतो. त्या घाटात एकदा खिडकी उघडा. हा रस्ता दगड-मुरमानं चालू राहिला नव्हता. तो डोंगर ओळखणाऱ्या माणसांच्या शब्दावर चालत होता. ज्यानं घाट राखला त्याचा मान राखला नाही, तेव्हा राखणदारच घाटात दबा धरून बसला, आणि त्याच्यावर चाल करून जायला सरकारला त्याच्याच भाऊबंदांची पलटण न्यावी लागली. मुलाबाळांना खाज्या नाईकांची गोष्ट सांगाल तेव्हा खजिन्याचे सात लाख सांगा, लढाई सांगा, पण न वेचलेला मोहही सांगा, आणि आखाजीला घरी जायचं म्हणणारा तो शिपाईही सांगा. तो कल्पनेतला असेल, पण त्याच्यासारखे होते, खडकाच्या दोन्ही बाजूंना. त्यांना वगळून सांगितलेली शौर्यकथा खानदेशची होत नाही.