हाडातलं सिमेंट: वाटीत चालतं, मग मांडीच्या हाडात का नाही?

गेल्या वर्षी आत्याचा कॅन्सर मांडीच्या हाडात, अगदी खुब्यापाशी पसरला. तिचा प्रश्न साधा होता. "सुईनं सिमेंट भरतात ना आता? मग रॉड कशाला?" आजचा एपिसोड त्यावरच.

हे सिमेंट म्हणजे पीएमएमए, कवळीसाठी वापरतात त्या जातीचं ॲक्रिलिक. पावडर आणि द्रव कालवला की काही मिनिटांत घट्ट. १९५८ मध्ये इंग्लंडात जॉन चार्नली यांनी डेनिस स्मिथ या दंतसाहित्याच्या जाणकाराच्या सल्ल्यानं कृत्रिम खुब्याची दांडी यात बसवली. हे गोंदासारखं चिकटवत नाही, टाइल्समधल्या ग्राउटसारखं फट भरून वजन पसरवतं. पुढचा सगळा घोळ इथेच आहे, लक्षात ठेवा.

१९८४ मध्ये फ्रान्समधल्या आमियां शहरात गालिबेर आणि देरामाँ यांनी मानेच्या एका मणक्यात सुईनं सिमेंट भरलं. रक्तवाहिन्यांच्या गाठीनं तो पोखरला होता. दुखणं गेलं. मग कॅन्सरनं पोखरलेले मणके आले, आणि १९९५ च्या सुमारास फ्रान्समध्येच खुब्याच्या वाटीत सिमेंट भरल्याचे अहवाल. मणका काय, वाटी काय, दोन्हींवर मुख्यतः दाब येतो. दाबाला हे सिमेंट पक्कं.

मग लोक म्हणाले, मांडीच्या हाडातही भरू. पण त्या हाडाची मान तिरकी बाहेर येते, छज्जासारखी. पाऊल टाकलं की ती वाकते, वळताना पीळ बसतो. सळईशिवाय छज्जा ओतेल का कुणी? वाकण्यात हे सिमेंट कच्चं, म्हणून भरल्यानंतरही हाड मोडू शकतं.

त्याहून बेरकी गोष्ट म्हणजे दुखणं थांबतं. आमच्या भाषेत, अलर्ट म्यूट, बग तसाच! माणूस बिनधास्त वजन टाकतो.

१९८९ मध्ये मिरेल्स यांनी हाड मोडण्याच्या धोक्याचं गणित मांडलं: जागा, दुखणं, पोखरण्याचा प्रकार, आकार. एकूण १२ गुण. ९ किंवा जास्त असतील तर मोडायच्या आधीच रॉड-प्लेटनं आधार द्या. खुब्याजवळच्या जागेला सर्वात जास्त, ३ गुण. आता काही ठिकाणी सुईच्या वाटेनंच स्क्रू आणि सिमेंट एकत्र घालतात, म्हणजे सळई आलीच.

आत्याचे १० भरले. रॉड टाकला. "कापाकापी झालीच शेवटी," असं ती अजून ऐकवते, वॉकर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारता मारता.