दुधाचे शहर आणि नारळाचे दूध : कोल्हापुरातील माशाच्या कालवणाचा इतिहास

१/
कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात कांस्याची एक लहानशी मूर्ती आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. १९४० च्या दशकात ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. घाटमाथ्याच्या अलीकडे वसलेल्या या नगरात समुद्राचा देव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येऊन पोहोचला होता. समुद्रातला ताजा मासा मात्र सामान्य घरात पोहोचायला विसावे शतक उजाडावे लागले.

२/
आज कोल्हापुरातील एखादे नोकरदार घर बुधवारी संध्याकाळी अर्ध्या तासात माशाचे कालवण करते. एक पातेले, ओले वाटण, नारळाचे दाट दूध, दोन-चार आमसुले, सुरमईचे किंवा रोहूचे तुकडे. या साध्या जेवणामागे तीन प्रश्न आहेत. मासा कुठून आला? दाटपणा कुठून आला? आणि म्हशीच्या दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या शहराने माशात नारळाचेच दूध का घातले?

३/
प्रथम मासा. कोल्हापूरपासून रत्नागिरी-मालवणचा किनारा रस्त्याने साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. ओझ्याच्या बैलांचा तांडा दिवसाला पाच-सहा कोस चालतो असे धरले, तर घाट चढून येण्यास आठवडा लागणार. कोकणातील उष्ण-दमट हवेत ताजा मासा एक दिवसही टिकत नाही.

४/
म्हणून फोंडा, आंबा, गगनबावडा या घाटवाटांनी वर आला तो सुका आणि खारवलेला मासा. सुकट, सुके बोंबील, खारे बांगडे. त्याच वाटांनी मीठ आणि नारळ वर येत आणि देशावरचा गूळ व धान्य खाली उतरे. देशावरच्या स्वयंपाकघरात ‘समुद्राची चव’ म्हणजे शतकानुशतके सुकटीची चव होती.

५/
ताजा मासा होता तो नदीचा आणि तळ्याचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती मिळून पंचगंगा होते. मरळ, वाम यांसारखे मासे या पाण्यात मिळत. कोल्हापूर शाखेचा शिलाहार राजा गंडरादित्य याने बाराव्या शतकाच्या आरंभी मिरज प्रांतात एक मोठा तलाव बांधला आणि त्याला नाव दिले ‘गंडसमुद्र’. देशावरच्या राजाने आपला समुद्र स्वतःच खोदला.

६/
गंडरादित्याचे अधिराज म्हणजे कल्याणीचे चालुक्य. त्यांच्यातील सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील ‘मत्स्यविनोद’ प्रकरणात माशांच्या जाती, त्यांची आमिषे आणि गळ टाकण्याची रीत आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला.

७/
याच ग्रंथाच्या ‘अन्नभोग’ प्रकरणात पाककृती आहेत. मासे साफ करून, तुकडे करून, धुऊन चिंचेच्या आंबटात शिजवावेत, ही रीत तिथे येते. आजच्या आमसुलाचे काम तेव्हा चिंच करीत होती. नऊशे वर्षांत आंबट पदार्थ बदलला, आंबटाची गरज बदलली नाही.

८/
ती गरज केवळ चवीची नाही. समुद्री मासा मेल्यावर त्याच्या मांसात ट्रायमिथिलअमीन तयार होते. माशाचा उग्र वास तो हाच. हे संयुग अल्कधर्मी असल्याने आम्ल लागले की बांधले जाते आणि वास दबतो. गोड्या पाण्यातील माशाचा मातकट वास जिओस्मिनमुळे येतो. तोही आम्लाने कमी होतो. रसायनशास्त्राला शब्द सापडण्याआधी स्वयंपाकघराला उपाय सापडला होता.

९/
आता दुसरा प्रश्न : दाटपणा. पश्चिम किनाऱ्यावरील नारळाचा एक जुना लेखी पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नारळाची ३२,००० झाडे दान दिल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. काळ इसवी सनाचे दुसरे शतक. किनाऱ्यावर नारळ ही तेव्हाच मोठी संपत्ती होती.

१०/
नारळ घाट चढू शकतो, कारण त्याची करवंटी हेच त्याचे भांडे. आठवडाभर बैलाच्या पाठीवर राहिला तरी तो खराब होत नाही. सुका मासा आणि नारळ हे एकाच वाटेचे प्रवासी. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यात नारळाचे दूध दिसते, त्यामागे हीच वाट आहे.

११/
आणि तिखटपणा? पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला आले आणि १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. अमेरिका खंडांतील मिरची आणि काजू भारतात आले ते त्यांच्या जहाजांतून. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखट म्हणजे मिरी. ज्या मिरचीशिवाय कोल्हापूरची कल्पना करवत नाही, ती मिरची शिलाहारांनी कधी पाहिलीही नव्हती.

१२/
तिसरा प्रश्न सर्वांत रोचक. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून मिळते. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला. युरोपात मासा सर्रास सायीच्या दाट रश्श्यात शिजतो. मग दुधाच्या या राजधानीत माशाच्या कालवणात साय का नाही?

१३/
उत्तराचा एक धागा चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या २६ व्या अध्यायात मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत, असे आत्रेय सांगतात. दोन्ही मधुर असले तरी दूध शीतवीर्य आणि मासा उष्णवीर्य, म्हणून हा विरुद्ध आहार. तिथेच भद्रकाप्य मतभेद नोंदवतात : फक्त ‘चिलिचिम’ नावाचा मासा दुधाबरोबर वर्ज्य, बाकीचे चालतील. आत्रेय ते मत फेटाळतात.

१४/
म्हणजे हा निषेध जन्मला तोच वाद म्हणून. प्रत्यक्ष व्यवहारही एकसारखा नव्हता. बंगालमध्ये दह्यातला मासा, ‘दोई माछ’, आजही सणासुदीला होतो. त्यामुळे केवळ ग्रंथाकडे बोट दाखवून भागत नाही. कोकणात नारळ दारात होता आणि दूधदुभते बेताचे. पाककृती किनाऱ्यावर घडली आणि नारळासकट घाट चढून आली. ग्रंथाने फार तर तिला दुजोरा दिला.

१५/
मासा रोजच्या संध्याकाळचा कधी झाला? १८३० च्या दशकात अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईत येऊ लागला, पण ती श्रीमंतांची चैन होती. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. तीही कोल्हापूरला पुणे-मुंबईशी जोडणारी, कोकणाशी नव्हे. अखेर डांबरी घाटरस्ते, मोटारट्रक आणि बर्फाचे कारखाने यांनी आठवड्याची वाट काही तासांवर आणली.

१६/
दुसरी क्रांती गोड्या पाण्यात झाली. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेकडील नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण करीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची प्रेरित वीण यशस्वी केली. बीज मुबलक मिळू लागले आणि दख्खनच्या तळ्यांत, धरणांत गंगेचे मासे वाढू लागले. भारतात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच.

१७/
आता पातेल्याकडे पाहावे. मटणातील संयोजी ऊती मऊ होण्यास तास-दोन तास लागतात. माशात त्या कमी आणि नाजूक असतात, म्हणून दहा मिनिटे पुरतात. मटण सुट्टीच्या दिवसाचे आणि मासा कामाच्या दिवसाचा, यामागे चुलीचे आणि जळणाचे हे गणित आहे. वाटण आधी शिजते, मग पातळ दूध आणि मासे, शेवटी मंद आचेवर दाट दूध. जोराची उकळी आली की दूध फुटते आणि स्निग्धांश वेगळा होतो. डावाने ढवळले तर तुकडे मोडतात, म्हणून पातेलेच धरून हलवायचे.

१८/
हे शेवटचे नियम ना मानसोल्लासात आहेत, ना दप्तरखान्यातील कागदांत. राजाच्या मुदपाकखान्याची नोंद ग्रंथात राहिली. घाटमाथ्यावर सुकट विकणाऱ्या बाईची, वाटणाचे प्रमाण हाताच्या अंदाजाने ठरवणाऱ्या आजीची नोंद कुणीच ठेवली नाही. देशावरच्या माशाच्या इतिहासाचा निम्मा भाग अजूनही फक्त बोलण्यात जिवंत आहे आणि तो बोलणारी पिढी थकत चालली आहे.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यासाठी पुराभिलेखागाराचे ओळखपत्र लागत नाही. घरातील ज्येष्ठांना चार प्रश्न विचारावेत : मासा कोणत्या वारी येई, कोण आणून देई, आंबटाला काय घालत, भांडे कोणते होते? उत्तरे गाव आणि साल घालून लिहून ठेवावीत. ज्यांच्याकडे अशी उत्तरे आहेत, त्यांनी ती या धाग्याखाली जोडावीत.